मानसशास्त्राचा वर्ग आणि विकिपीडियाची धूळपाटी

प्रश्न तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजातून आला आहे. मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम विचारतात: 'एसवायबीएला ६० मुलं आहेत. प्रत्येकाने विकिपीडियावर मानसशास्त्राचा एक नवीन लेख लिहायचा आणि त्याला २० अंतर्गत गुण द्यायचे, असं मनात आहे. मराठीत लिहून घ्यावं की इंग्रजीत? आणि लेख उडवले गेले तर गुणांचं काय करायचं?'

मॅडम, उपक्रम जरूर करा. फक्त 'नवीन लेख' हे दोन शब्द आधी खोडा. साठ मुलांना साठ नवे लेख सांगितलेत की साठ ठिकाणांहून उतरवलेले साठ उतारे मिळतील. मुलांना नावं ठेवायचा हेतू नाही. मी स्वतः हे करून बसले आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या टीवायच्या वर्गात ४८ जण होते. फळ्यावर विषयांची यादी लिहिली, हजेरी क्रमांकाने वाटली आणि 'पंधरा दिवसांत लेख चढवा' म्हणून सांगितलं. चौदा दिवस कुणी काही केलं नाही. पंधराव्या रात्री नऊ ते बारा या तीन तासांत एकेचाळीस लेख चढले. सकाळी बघते तर निम्म्यांच्या डोक्यावर 'पानकाढा'चा साचा, म्हणजे हे पान काढून टाका असं सांगणारी पाटी, आणि माझ्या चर्चा पानावर एका प्रचालकाचा (विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकाचा) निरोप: 'ताई, ही सगळी तुमची मुलं आहेत का?' त्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. तो माणूस दिवसा नोकरी करतो. रात्रीची झोप मोडून तो माझ्या वर्गाचे पेपर तपासत बसला होता, तेही फुकट. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दोन मुली मिळून ते लेख निस्तरत होतो. एकेचाळीसपैकी सहा टिकले.

आम्ही काही जगावेगळं केलं नव्हतं. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही कॉलेजांबरोबर असाच प्रयोग केला होता, इंग्रजी विकिपीडियावर, शेकडो मुलांना घेऊन. मुलांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून मजकूर जसाच्या तसा आणून टाकला. त्यांना मदत करायला नेमलेले बरेचसे स्वयंसेवक स्वतःच विकिपीडियावर नवखे होते. साफसफाई करता करता जगभरचे संपादक वैतागले आणि त्याच वर्षी प्रयोग गुंडाळावा लागला. हा फक्त आपल्याकडचा रोग आहे असंही समजू नका. २०१३ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या स्कारबरो आवारात मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला, म्हणजे दीड हजारांहून जास्त मुलांना, विकिपीडियात भर घालायला सांगितलं गेलं, आणि तिथेही हीच बोंब झाली. मुलं कुठली आहेत याने फरक पडला नाही. वर्ग मोठा, मुदत एकच आणि तपासणारे मूठभर स्वयंसेवक, एवढं जमलं की निकाल ठरलेला.

तरीही 'कराच' म्हणते, कारण नीट केलं तर यासारखा स्वाध्याय नाही. २०११ मध्येच अमेरिकेतल्या असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स या संस्थेने विकिपीडिया उपक्रम सुरू केला. सिकंदराबादेत वाढलेल्या आणि हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या महजरीन बानाजी तेव्हा संस्थेच्या अध्यक्ष होत्या. विचार साधा होता. लोक मानसशास्त्र वाचतात ते विकिपीडियावर, मग तिथलं लिखाण कच्चं ठेवून आपण आपसातच शोधनिबंध वाचत बसायचं का? आपल्या मुलांच्या बाबतीत मी आणखी एक सांगेन. 'हे कोण म्हणतं, आणि कशाच्या आधारावर?' हा प्रश्न मुलाला तीन वर्षांत एकदाही कुणी विचारत नाही. विकिपीडियावर तो पहिल्याच दिवशी, अनोळखी माणसाकडून, सगळ्यांसमोर विचारला जातो.

तर मग काय द्यायचं? आधीपासून असलेल्या लेखातला एक परिच्छेद. चौघांचा गट केलात तर साठ मुलांचे पंधरा गट होतात, म्हणजे पंधरा लेख. प्रत्येक गटाने आपला लेख आधी नुसता वाचायचा आणि चुकीचं किंवा बिनसंदर्भाचं एकेक वाक्य शोधून वहीत उतरवायचं. मग त्यातल्या दोन-तीन वाक्यांची दुरुस्ती. एवढंच. मुलं म्हणतात, 'मॅडम, इतकंच?' तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही.

एक प्रसंग जवळून सांगते. आमच्या एका गटाकडे अध्ययनावरचा, म्हणजे माणूस कसा शिकतो यावरचा (लर्निंग), लेख होता. त्यात वाक्य होतं: 'चुकीच्या वर्तनाबद्दल दिली जाणारी शिक्षा म्हणजे ऋण प्रबलन होय.' मानसशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही हे वाक्य दिसलं की हात शिवशिवतात, कारण दरवर्षी अर्ध्या उत्तरपत्रिकांत ते असतंच. प्रबलन (रीइन्फोर्समेंट) धन असो वा ऋण, वर्तन वाढतं. ऋण याचा अर्थ काहीतरी नकोसं काढून घेतलं जातं, एवढाच. गटातल्या एका मुलीने ते वाक्य खोडून लिहिलं: 'एखादी नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, त्याला ऋण प्रबलन म्हणतात. उदा. मूल अभ्यासाला बसलं की आईची बडबड थांबते, म्हणून मूल अभ्यासाला बसू लागतं.' उदाहरण फक्कड होतं. मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी एका संपादकाने उदाहरण काढून टाकलं आणि चर्चा पानावर विचारलं, 'आईच्या बडबडीचा संदर्भ काय?' मुलगी रडवेली झाली. 'मॅडम, आमच्या घरी रोज होतं हे!' मग आम्ही बसलो. विकिपीडियावर स्वतःच्या डोक्यातलं लिहायचं नसतं, ते खरं असलं तरी. प्रसिद्ध झालेल्या, विश्वासार्ह जागी कुणीतरी आधी लिहिलेलं असावं लागतं. तिने ग्रंथालयातून पाठ्यपुस्तक काढलं. त्यात गाडीच्या सीटबेल्टचं उदाहरण होतं: पट्टा लावला की पीं-पीं थांबते, म्हणून माणूस पट्टा लावतो. ते तिने स्वतःच्या शब्दांत घातलं, पान क्रमांकासह संदर्भ दिला आणि चर्चा पानावर त्या संपादकाला उत्तर लिहून खाली चार टिल्ड (~~~~) टाकून सही केली. वाक्य राहिलं. दोन ओळींसाठी तिला अकरा दिवस लागले. त्या वर्षीच्या तिच्या पेपरात ऋण प्रबलन चुकलं नाही हे सांगायला नकोच, पण आईचं उदाहरण वर्गात आजही मीच वापरते. तिथे कुणी संदर्भ मागत नाही.

आता भाषा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, आणि मानसशास्त्राची तिथली पानं अजून बरीच विरळ आहेत. इंग्रजीत उलटी गत. 'क्लासिकल कंडिशनिंग'सारख्या पानावर वर्षानुवर्षं राखण करणारे लोक बसलेले असतात. आपल्या मुलाचं डळमळीत इंग्रजी वाक्य तिथे तासभरही टिकत नाही. शिवाय इंग्रजीत अगदी नव्या खात्यावरून थेट लेख तयारच करता येत नाही. खातं चार दिवस जुनं आणि किमान दहा संपादनं झालेली असावी लागतात, नाहीतर मसुद्याच्या रांगेत थांबा. तेव्हा मराठीच घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा: इंग्रजीत चूक पुसली जाते, मराठीत ती मुरते. तपासणारे कमी असल्यामुळे तुमच्या मुलाने लिहिलेलं चुकीचं वाक्य पाच-पाच वर्षं तसंच राहू शकतं, आणि तोवर ते दोन गाईडांत उतरवलं गेलेलं असतं. मग पुढच्या बॅचचा मुलगा तेच गाईड संदर्भ म्हणून विकिपीडियावर देतो. हे चक्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून गाईड आणि क्लासच्या नोट्स संदर्भ म्हणून चालणार नाहीत, हे पहिल्या तासालाच सांगून टाका.

परिभाषेचं आधी ठरवा, नाहीतर पंधरा गट पंधरा शब्द वापरतील. भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश हाताशी ठेवा. अवधान, संवेदन, अध्ययन, अभिसंधान, प्रबलन हे आपल्या पाठ्यपुस्तकांतले शब्द वापरा, आणि शब्द पहिल्यांदा येईल तिथे लोक बोलताना जो शब्द वापरतात तोही घाला. वाचणारा 'कंडिशनिंग' असा शोध घेऊन येणार, त्याला 'अभिसंधान' कसं सापडेल? त्यासाठी पुनर्निर्देशनाचं पान करता येतं, म्हणजे एका नावाने शोधलं की दुसऱ्या नावाच्या लेखावर नेणारं पान. दोन मिनिटांचं काम, आणि गटातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलाला पहिलं संपादन म्हणून उत्तम.

परिभाषेचा आणखी एक उपयोग म्हणजे चोरी पकडायला. लेखात 'अधिगम', 'पुनर्बलन', 'अनुबंधन', 'व्यक्तित्व' असे शब्द दिसले की समजायचं, मजकूर हिंदी विकिपीडियावरून उचलून क्रियापदं तेवढी बदलली आहेत. आणि 'शास्त्रीय कंडिशनिंग' दिसलं तर भाषांतर यंत्राने केलंय. मला ते वाचून दर वेळी वाटतं, कंडिशनिंगचे प्रयोग ज्याच्यावर झाले तो पाव्हलॉवचा कुत्रा तंबोरा लावून बसलाय. 'अभिजात अभिसंधान' म्हणा. विकिपीडियाचं भाषांतराचं साधन वाईट नाही, मीही वापरते, पण ते आयतं वाक्य देतं आणि मुलं आयतंच ठेवतात. भाषांतर करायचंच असेल तर मूळ लेख कोणत्या भाषेतला, हे संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना त्याबद्दल लिहायच्या ओळीत, लिहायला लावा. विकिपीडियाच्या मोफत परवान्यातही मूळ लेखकांना श्रेय देण्याची अट आहे, आणि ती आपल्याला माहीतच नसते.

चॅटबॉटचंही इथेच उरकते. तो छान मराठी लिहितो आणि अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधाचा संदर्भ देतो, लेखक आणि खंड क्रमांकासकट. इंग्रजी विकिपीडियाने तर २०२५ मध्ये असे न तपासता टाकलेले यांत्रिक लेख चर्चेविना वगळण्याचा नियमच केला. माझा उपाय जुन्या मास्तरांचा आहे: 'हा संदर्भ दिलास ना? उघडून दाखव. कोणत्या पानावर आहे? ते वाक्य वाच.' तीन मुलांना असं विचारलं की उरलेली सत्तावन्न रातोरात सुधारतात.

नक्कल हा मात्र मोठा विषय आहे, कारण आपल्या मुलांना शाळेपासून उतरवून काढायला शिकवलेलं असतं. निबंध पाठ करायचा, उत्तर पाठ करायचं, जर्नल सीनियरचं बघून भरायचं. मग आपणच एक दिवस 'कॉपी का केलीस' म्हणून ओरडायचं. त्यांना खरंच कळत नाही की शब्दांची अदलाबदल हीदेखील नक्कलच. विकिपीडियावर प्रताधिकाराच्या बाबतीत गंमत चालत नाही. मराठी विश्वकोशातली नोंद वाचायला खुली असली तरी ती उतरवायला खुली आहे असा अर्थ होत नाही. संदर्भ द्या, मजकूर आणू नका. मी वर्गात एक प्रयोग करते. पुस्तकातला एक परिच्छेद दोनदा वाचायचा, पुस्तक बंद करून शेजारच्याला तोंडी सांगायचा. शेजारचा काय समजला ते त्याने लिहायचं. मग पुस्तक उघडून तपासायचं. असं लिहिलेलं थोडं ओबडधोबड असतं, पण ते मुलाचं असतं. पाच-सहा तास यात गेले तरी जाऊ द्या. संपूर्ण उपक्रमात मुलांच्या हाताला कायमचं लागणारं हेच आहे.

संदर्भ कसले घ्यायचे, यावर मानसशास्त्रवाल्यांनी जरा जास्तच जपायला हवं. आपल्या विषयात एकुलता एक गाजलेला प्रयोग हा पुरावा मानण्याची खोड आहे. आत्मनियंत्रणाचं उदाहरण घ्या. १९९८ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात काहींसमोर ताजी चॉकलेट बिस्किटं ठेवून त्यांना मात्र मुळे खायला लावले, आणि मग न सुटणारी कोडी दिली. मुळे खाणाऱ्यांनी लवकर हार मानली. निष्कर्ष असा की आत्मनियंत्रण वापरलं की खर्च होतं. पाठ्यपुस्तकांत गेलं, व्याख्यानांत गेलं. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर हा परिणाम तपासला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले होते. पहिल्या वेळी ९७ टक्के प्रयोगांत लक्षणीय परिणाम होता, दुसऱ्यांदा फक्त ३६ टक्क्यांत. म्हणून मुलाने १९९८ चा निबंध आणला तर त्याला शाबासकी द्या आणि विचारा, 'यानंतर काय झालं?' एका शोधनिबंधापेक्षा अनेक निबंधांचा आढावा घेणारा लेख किंवा चांगलं अलीकडचं पाठ्यपुस्तक विकिपीडियाला जास्त चालतं, आणि त्याचं कारण मुलांना या मुळ्यांवरून पटतं. तुमच्या कॉलेजने एन-लिस्टचं (कॉलेजांना शोधनियतकालिकं आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायला देणाऱ्या योजनेचं) सदस्यत्व घेतलंय का ते ग्रंथपालांना विचारा. बऱ्याच कॉलेजांत पासवर्ड असतो आणि तो ग्रंथपालांच्या खणात असतो.

पाठ्यपुस्तकं तरी कुठे निर्दोष आहेत? किटी जेनोव्हीझचं प्रकरण आपण सगळेच शिकवतो: १९६४, न्यूयॉर्क, ३८ जणांनी खून होताना पाहिला आणि कुणी मदतीला आलं नाही. २००७ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये त्या कहाणीची चिरफाड झाली. ३८ जण खिडकीतून बघत उभे होते याला पुरावाच नाही. बघ्यांच्या वर्तनावर नंतर झालेलं संशोधन खोटं ठरत नाही, पण ज्या गोष्टीने आपण त्याची सुरुवात करतो ती वर्तमानपत्राने फुगवलेली होती. मी हे दहा वर्षं चुकीचं शिकवलं. एका विद्यार्थ्याने लेखासाठी संदर्भ शोधताना ते काढलं आणि वर्गात विचारलं. तुमच्याही वर्गात असं काहीतरी होईल, तयारीत राहा.

मानसिक आजारांचे लेख दुसऱ्या वर्षाला देऊ नका. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, आत्महत्या, औषधं, अजिबात नाही. इंग्रजी विकिपीडियावर वैद्यकीय विधानांसाठी वेगळे कडक निकष आहेत: आढावा लेख, तेही शक्यतो गेल्या पाच वर्षांतले. मराठीत तेवढी राखण नाही, आणि म्हणूनच जबाबदारी जास्त. रात्री दोन वाजता कुणीतरी स्वतःच्या किंवा भावाच्या त्रासाबद्दल मराठीत शोधतंय, आणि त्याला माझ्या विद्यार्थ्याने गुणांसाठी लिहिलेलं वाक्य मिळतंय, ही कल्पना मला झोपू देत नाही. दुसरं म्हणजे या विषयांवर मुलं स्वतःचं लिहितात. एका मुलाने चिंतेच्या विकारावर लिहिताना स्वतःचा अनुभव लिहिला होता, छान लिहिला होता. तो धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, होता तेव्हाच मी पाहिला म्हणून बरं. विकिपीडियावरचं पान तुम्ही बदललं तरी जुनी आवृत्ती 'इतिहास पहा'मध्ये राहते. त्या मुलाशी मी नंतर बोलले, तो वेगळा विषय.

मानसशास्त्रीय कसोट्यांचंही सांगून ठेवा. कसोटीचे प्रश्न लेखात टाकायचे नाहीत. तुमच्या प्रॅक्टिकलच्या कपाटातली वेश्लरची बुद्धिमापनाची कसोटी प्रताधिकाराखाली आहे, आणि प्रश्न फुटले की कसोटी निकामी होते. वर्गात वादाला मात्र सुंदर विषय आहे. २००९ मध्ये रोर्शाकच्या कसोटीतल्या (डागात काय दिसतं ते सांगायच्या) शाईच्या दहाही डागांची चित्रं विकिपीडियावर असावीत का, यावर मोठी खडाजंगी झाली होती. मानसशास्त्रज्ञ म्हणत होते, चित्रं आधीच पाहिलेला माणूस कसोटीला कसा बसणार? संपादक म्हणत होते, रोर्शाक १९२२ साली वारले, प्रताधिकार संपला, ज्ञानकोशात चित्रं असणारच. चित्रं राहिली. मी मुलांना दोन बाजू वाटून देते. दर वर्षी तास संपतो, भांडण संपत नाही.

आता लॅबमधल्या बारीकसारीक अडचणी, कारण उपक्रम बहुतेक वेळा याच ठिकाणी आपटतो. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी सदस्यखाती उघडता येतात. पहिल्या दिवशी साठ मुलं लॅबमध्ये बसवलीत की सातव्याला लाल अक्षरात नकार येईल आणि तास संपेल. खाती घरून आपापल्या मोबाइलवर उघडून यायला सांगा, किंवा आधी प्रचालकांना कळवून सवलत घ्या. गटाचं एक खातं नको. एक माणूस, एक खातं. सदस्यनावात खरं नाव, हजेरी क्रमांक, कॉलेज काही नको. मुली सदस्य पानावर उत्साहाने फोटो, गाव, मोबाइल नंबर लिहितात. ते तिथल्या तिथे थांबवा. मराठी टंकनासाठी वेगळं काही बसवायला नको, विकिपीडियाच्या चौकटीतच अक्षरांतरण आणि इनस्क्रिप्ट दोन्ही मिळतात. ज्यांना उघड्यावर लिहायचंच नाही, त्यांच्यासाठी तेच काम कागदावर करण्याची सोय ठेवा. सक्तीने कुणाचं लिखाण कायमचं जगाच्या मालकीचं करायला लावणं मला पटत नाही.

सत्र सुरू व्हायच्या आधी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, निरोप टाका: कोणतं कॉलेज, किती मुलं, कोणते लेख, कोणत्या तारखांना. सदस्यनावांची यादी तयार झाली की तीही जोडा. प्रचालक मंडळी प्रेमळ आहेत, पण त्यांना अंधारात ठेवलेलं आवडत नाही, आणि का आवडावं? गटांच्या तारखा वेगवेगळ्या ठेवा, आठवड्याला तीन गट. सगळं काम आधी धूळपाटीवर. हा शब्द मला फार आवडतो. पाट्या नव्हत्या तेव्हा पोरं फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची आणि हाताने पुसायची. तिथे चुकायला परवानगी असते. दुसऱ्या गटाने ती धूळपाटी वाचून शेरे मारायचे, मगच मजकूर लेखात जायचा. शेवटची तारीख परीक्षेच्या महिनाभर आधीची. संपादकाने काही विचारलं तर उत्तर द्यायला मूल जागेवर हवं. परीक्षा झाली की ते गावाला जातं आणि प्रश्न तसाच लोंबकळतो.

गुणांचं विचारलंत. लेख टिकला म्हणून गुण नकोत, आणि उडाला म्हणून कपातही नको. टिकण्यावर गुण ठेवलेत की मुलं काढलेलं वाक्य पुन्हापुन्हा घालत बसतात, मित्रांना नवी खाती उघडून 'माझ्या बाजूने लिही' म्हणतात, आणि मग सगळ्यांचीच खाती गोठवली जातात. मी वीस गुण असे वाटते: लिहिण्याआधी दोन संदर्भांवर अर्धं पान टिपण, हा स्रोत कोणता, कोणी लिहिला, का विश्वास ठेवायचा, याला सहा. धूळपाटीवरचा मसुदा आणि दुसऱ्या गटाला दिलेले शेरे, सहा. चर्चा पानावरची वागणूक आणि संपादन सारांश, चार. शेवटी वर्गात पाच मिनिटं उभं राहून 'माझं कोणतं वाक्य काढलं आणि ते योग्य होतं का' हे सांगणं, चार. बरीच मुलं सांगतात की काढलं ते बरोबरच होतं. एखादा नाही म्हणतो आणि मग पुस्तकं घेऊन भांडतो. त्याला मी चारपैकी चार देते. कोणी कधी काय लिहिलं हे सगळं पानाच्या इतिहासात मिनिटासकट दिसतं, त्यामुळे 'मॅडम, मी पण केलंय' हा गटातला नेहमीचा वाद इथे उद्भवतच नाही. आदल्या रात्री बारा वाजता एकदम केलेलं कामही दिसतं. ते आधीच सांगून ठेवा.

लेखांची यादी करताना पाव्हलॉव मुलांना देऊ नका, तो तुमच्यासाठी ठेवा. मराठी लिखाणात जिथे तिथे वाचायला मिळतं की कुत्र्यांवरच्या अभिसंधानाच्या प्रयोगांसाठी त्याला नोबेल मिळालं. १९०४ चं ते पारितोषिक पचनसंस्थेवरच्या कामासाठी होतं. ज्या पानावर अशी गल्लत सापडेल तिथे सत्र सुरू होण्यापूर्वी स्वतःच्या खात्यावरून दुरुस्ती करा, संदर्भ द्या, सारांश लिहा आणि आठवडाभर निरीक्षणसूची (नजर ठेवलेल्या पानांतले बदल दाखवणारी यादी) बघत राहा. कुणी उलटवलं तर चर्चा पानावर जा. पहिल्या तासाला प्रोजेक्टरवर तोच इतिहास उघडून मुलांना दाखवता येईल.